कळंबोलीला उतरलेली पिशवी

इथे लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगून टाकतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी त्यांच्याही पुढचा. असं काही सांगणाऱ्याच्या तोंडावर हसणारा माणूस मी. माझी बायको फरीदा म्हणते की तुझ्या हसण्यामुळे नातेवाईक आपल्याकडे जेवायला यायचे बंद झालेत. असो, जेवणाचा खर्च वाचला.

माझा धंदाही त्याला कारण आहे. मी न्हावा शेवा बंदरात माल सोडवण्याचं काम करतो. बोटीतून कंटेनर उतरला की कस्टमचे सोपस्कार करायचे आणि तो ज्याचा त्याच्या गोदामापर्यंत पोचता करायचा. सतत कुणाचा ना कुणाचा माल ‘गायब’ होतो. पार्टी फोनवर ओरडते, रडते, मला शिव्या घालते... आणि मी माल शोधून काढतो. चुकीच्या यार्डात असतो, चुकीच्या ट्रेलरवर असतो, कुणीतरी आपला समजून नेलेला असतो. हवेत विरलेला माल मला आजवर सापडलेला नाही. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते सांगताना मला माझीच लाज वाटते, पण सांगतो.

आम्ही पनवेलचे. जुन्या गावात, मशिदीच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. घरात मी, फरीदा आणि माझी अम्मी. अम्मी मूळची म्हसळ्याकडची. आमच्या मोहल्ल्यात कुणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला आणि कफन बेतायला वर्षानुवर्षं अम्मीलाच बोलावतात. ती कामं ती स्वयंपाकाइतक्याच सहजपणे करते आणि घरी येऊन चहा पिते.

दोन वर्षांपूर्वी ती मक्केला जाऊन उमरा करून आली. आमच्यात उमरा किंवा हजहून येणारी वयस्कर माणसं बऱ्याचदा एक पांढरं कापड तिथल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून, वाळवून आणतात – स्वतःच्या कफनासाठी. यात अशुभ वगैरे कुणाला वाटत नाही. अम्मीनेही आणलं. मक्केत हॉटेलच्या खिडकीच्या गजांवर तिने ते वाळत घातलं होतं, त्यामुळे त्याच्या एका कोपऱ्यावर गंजाचे तिरके तीन पट्टे उमटले. “एवढं पवित्र पाणी आणि वाळत घातलंस गंजक्या गजावर,” मी तिला चिडवलं. ती म्हणाली, “मातीत जायचंय रे, लग्नाला नाय.”

ते कापड टूरवाल्यांनी दिलेल्या हिरव्या पिशवीत असायचं. पिशवीवर काबाचं चित्र. आणि अम्मी कुठेही मुक्कामाला निघाली की ती पिशवी बरोबर घ्यायची. ढग दिसले की माणूस छत्री घेतो ना, तशी. मौत काय घराचा पत्ता विचारून येते का, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी मे महिन्यात ती बहिणीकडे, म्हणजे माझ्या खालाकडे म्हसळ्याला गेली होती. परत येताना खालाने नेहमीसारखं तिच्यावर सामान लादलं – सुकट, सोडे, तांदळाचं पीठ, ओले काजू. बसमध्ये अम्मीने हे सगळं पायाशी ठेवलं. पण कफनाची पिशवी पायाशी कशी ठेवणार? आणि तीही सुकटीच्या शेजारी! म्हणून ती मोठ्या अदबीने वरच्या रॅकवर, कोपऱ्यात ठेवली. बस पनवेलवरून पुढे मुंबईला जाणारी. पनवेल स्टँड आला, गर्दी झाली, अम्मीने पायाशी होतं ते सगळं उचललं आणि उतरली. मी स्कूटर घेऊन उभाच होतो. घराजवळ पोचलो तेव्हा मागून आवाज आला, “इम्तियाज, माझी हिरवी पिशवी?”

कफन मुंबईला गेलं आणि सुकट घरी आली.

मी लगेच उलटा फिरलो. बस अर्थातच सुटली होती. स्टँडवरच्या साहेबांनी शेवटच्या डेपोत फोन लावून दिला, कंडक्टरने रॅक तपासला, सीटखाली पाहिलं. पिशवी नव्हती. पुढचे कित्येक दिवस मी माझं सगळं कसब त्यावर लावलं. पुढच्या थांब्यांवर चौकशी केली, रिक्षावाल्यांना सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. पिशवीत काय होतं असं कुणी विचारलं की मी “कपडे” म्हणायचो. कपडेच ना शेवटी.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण त्याच महिन्यात अम्मीच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली. फार लांबवू नका, असंही सांगितलं. मी तारीख घेऊन आलो आणि अम्मीने शांतपणे सांगून टाकलं, “पिशवी सापडू दे. मग जाते.”

मला आधी वाटलं गंमत करतेय.

“अम्मी, ऑपरेशन जगण्यासाठी करतात,” फरीदा म्हणाली.

“जगले तर प्रश्नच नाय. पण त्या टेबलावरच गेले तर? मला कशात गुंडाळणार तुमी? आयुष्यभर दुसऱ्यांची कापडं बेतली मी. माझं एवढं एक आणलं होतं...”

मी ओरडलो. मग समजावलं. मग मौलानांना घरी बोलावलं. त्यांनी सांगितलं की कुठलंही स्वच्छ कापड चालतं, हे सगळं फर्ज, म्हणजे सक्तीचं, नाही. अम्मीने त्यांना खीर वाढली आणि मत तेच ठेवलं. मग मी बाजारातून उत्तम कापड आणलं, शेजाऱ्यांच्या कॅनमधलं जमजम आणून त्यात भिजवलं, गच्चीवर वाळवलं, इस्त्री केली. अम्मीने चिमटीत धरून पोत पाहिला. “चांगलं हाय,” म्हणाली. “तुझ्या कोटाला अस्तर लाव.”

तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. अम्मीला दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा, नमाज ती खुर्चीवर बसून पढायला लागली. मला भीती वाटत होती. ऑफिसात फोन वाजला आणि घरचा नंबर दिसला की मी हातातलं काम टाकून तो उचलायचो. एका कापडापायी माझी आई मरणार, आणि तेही अशा माणसाची आई ज्याचा धंदाच हरवलेलं शोधायचा – याचा मला भयंकर राग यायचा.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं.

फरीदाने उघडलं. बाहेर पन्नाशीचा एक माणूस. दाढी, टोपी, धुतलेला शर्ट, आणि नखांत सिमेंट. हातात हिरवी पिशवी, छातीशी धरलेली. मी पलंगावरून उडीच मारली.

त्याचं नाव उस्मान. मूळ बीडकडचा, उलव्याला एका बांधकामावर मुकादम. पिशवीत चष्म्याची डबी होती, डबीवर पनवेलच्या दुकानाचा छाप होता. तो दुकान शोधत गेला आणि दुकानदाराने फ्रेम पाहून आमचं घर सांगितलं. माझ्यातला धंदेवाईक माणूस मनात म्हणाला, वा! डबी पिशवीत आहे हे मला आठवलंसुद्धा नव्हतं.

पण उस्मान बसेना. मान खाली घालून उभा राहिला.

“अम्मा, माझ्या हातून गुन्हा झालाय,” तो म्हणाला. “आधी माफ करा, मग बसतो.”

अम्मी खुर्चीतून म्हणाली, “आधी बस. मग सांग.”

तो बसला आणि त्याने सांगितलं ते असं. कामानिमित्त तो पेणला गेला होता. परतीला त्याच बसमध्ये चढला आणि कळंबोलीला उतरला. बस हलली आणि खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “ओ दाढीवाले, पिशवी राहिली तुमची!” आणि ही पिशवी त्याच्या हातात कोंबली. “दाढी माझी, टोपी माझी, अन् पिशवीवर काबा,” उस्मान म्हणाला. “त्यांना वाटलं, माझीच असणार. मी ओरडेस्तोवर गाडी पुलापार.”

खोलीवर जाऊन त्याने पिशवी उघडली. आतलं कापड बघून तो समजला. कुण्या म्हाताऱ्या माणसाची अमानत आहे, सुट्टी मिळाली की मालक शोधू, म्हणून वर टांगून ठेवली.

“मग आमच्याकडं एक बाई वारली. मैमुना नाव. नवरा बंगालचा, लादी बसवतो. बाळंतपणात गेली. अन् त्या दिवशी नेमका बंद. एक दुकान उघडं नाय, पनवेलला यायला रिक्षा नाय. मय्यत किती वेळ ठेवायची, अम्मा? उन्हाळ्याचे दिवस. तिचा नवरा माझ्या तोंडाकडं बघतोय... मी म्हटलं, या अल्लाह, गुन्हा माझ्या नावावर लिही. अन् पिशवीतलं कापड काढून बायकांना दिलं.”

मी अम्मीकडे पाहायला घाबरत होतो.

“बेतलं नीट?” अम्मीने विचारलं.

“हां अम्मा. बाईच्या कफनाला लागतात तशी पाच कापडं केली. माझ्यासमोरच फाडलं, मग मी बाहेर गेलो.”

“आणि मूल?”

“मुलगी हाय. चांगली हाय. मावशी घेऊन गेली गावाला.”

“मैमुना,” अम्मी स्वतःशीच म्हणाली. तिने हात उचलून दुआ मागितली. उस्मानने डोळे पुसले. नवं कापड आणून देणार होतो, पण जमजमचं कुठून आणू, म्हणून आधी माफी मागायला आलो, असं काहीबाही तो बोलत होता. अम्मी म्हणाली, “माफीचं काय त्यात? चहा घे.” आणि त्याच्याकडून पिशवी घेऊन चष्म्यासाठी तिने आत हात घातला.

चष्म्याची डबी निघाली. तसबीह, तिची जपमाळ, निघाली. मग तिचा हात थांबला.

तिने पिशवीतून कापड बाहेर काढलं. पांढरं, चौकोनी घडी घातलेलं, अत्तराचा वास येणारं.

उस्मान असा उठला की खुर्ची मागे पडली. “नाय,” तो म्हणाला. “नाय अम्मा. मी दिलं ते. कसम खुदा की, मी दिलं...” तो भिंतीला टेकून खालीच बसला.

मला संताप आला. मी त्याचा दंड धरला आणि हे काय नाटक लावलंय म्हणून विचारलं. विचारता विचारताच मला कळत होतं की माझ्या प्रश्नाला अर्थ नाही. चोरी करून ‘नाही केली’ म्हणणारे मी रोज बघतो. न केलेल्या चोरीची माफी मागायला उलव्याहून पनवेलला कोण येतं?

फरीदाने आणि मी ते कापड पलंगावर उलगडलं. सलग होतं. कात्री लागलेली नव्हती, कुठे फाडलेलं नव्हतं, कुठे शिवण नव्हती. आणि कोपऱ्यावर तिरके तीन पट्टे होते.

मी त्याच दुपारी उस्मानला स्कूटरवर मागे बसवून उलव्याला गेलो. मला हे मिटवायचं होतं. तिथे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत मैमुनाला आंघोळ घातलेली बाई भेटली, करीमाचाची म्हणतात तिला सगळे. मी तिला काहीही सुचवलं नाही. फक्त विचारलं, कपडा कैसा था?

“अच्छा था, बेटा. मोटा था,” ती म्हणाली. “बस, एक कोने पे जंग के दाग थे, तीन। वो कोना मैंने अंदर दबा दिया। बेचारी नई दुल्हन जैसी दिखती थी, दाग अच्छा नहीं लग रहा था.”

उस्मान माझ्या मागे उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग मैमुनाच्या नवऱ्याने मला कबर दाखवली. माती अजून बसली नव्हती. तिथे उभा राहून मी बराच वेळ विचार केला. पिशवीत मुळात दोन कापडं होती का? अम्मीने एकच आणलं होतं, घडी मीच पिशवीत घालून ठेवली होती, बघून बघून पाठ झाली होती. कुणी गुपचूप दुसरं आणून ठेवलं का? मग ते तीन पट्टे? तिरके, त्याच कोपऱ्यावर, त्याच अंतराने? आमच्या धंद्यात एकच कंटेनर दोन बंदरांत उतरू शकत नाही. उतरल्याचं कागदावर दिसलं तर एक कागद खोटा असतो. इथे मी दोन्हीकडचा माल स्वतः तपासला होता... म्हणजे एक हाताने तपासला आणि दुसऱ्यावर माती होती.

घरी परतलो तेव्हा अम्मी दिवाणखान्यात तशीच बसली होती, कापड मांडीवर. मी काही सांगायच्या आत म्हणाली, “डॉक्टरला फोन कर. तारीख घे.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, कसं का होईना, सापडलं एकदाचं. “उद्याच घेतो,” मी म्हणालो. “आता तर मनासारखं झालं ना?”

“आणि हे मशिदीत देऊन ये.”

“काय?”

“मशिदीत ठेवतात ना गरिबांसाठी कापडं, तिथं. हे माझं नाय आता. मैमुनाला दिलं गेलं ते. दिलेलं परत घेतात का?”

“अगं, पण तिला मिळालं ना तिचं! मग हे—”

“मग दुसरीला मिळंल.”

“आणि तुला?”

“मला बाजारातलं आण, तेव्हाचं तेव्हा.” तिने कापड माझ्या हातात दिलं. “काय बघतोस? एवढे दिवस मला वाटायचं, परक्या गावात कुणाच्या बुटाखाली पडलं असंल, कुणी फरशी पुसली असंल. त्यानं मला झोप नाय यायची. ते नीट ठिकाणी गेलं रे. एका पोरीची अब्रू राखली त्यानं. आता मी कशाला भिऊ?”

इतके दिवस मी तिच्या हट्टाला वेडेपणा म्हणत होतो. त्या क्षणी मात्र मला तिच्यापुढे लहान मुलासारखं रडू आलं आणि मी रडलो. फरीदाने मला पाणी आणून दिलं.

कापड मी मशिदीत नेऊन दिलं. थोड्याच दिवसांत ते आमच्याच भागातल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या एका म्हातारीसाठी वापरलं गेलं. मुद्दाम जनाज्याला गेलो, खात्री करायला. माझा स्वभाव जाणार कुठे?

अम्मीचं ऑपरेशन झालं. शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा उस्मान कामाचा खाडा करून खाली बाकावर बसून होता. अम्मी शुद्धीवर आली आणि तिने पहिली तक्रार केली की इथली पेज पाण्यासारखी आहे, तेव्हा मी खाली जाऊन त्याला सांगितलं. आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो. आता ती बरी आहे. हळूहळू जिने चढते, मला ओरडते, आणि मैमुनाच्या मुलीची खुशाली विचारायला उस्मानला फोन लावायला लावते. मी नवं कापड आणू का म्हणून दोनदा विचारलं. नको म्हणाली.

मौलानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, अल्लाहची करणी, जास्त खोदू नका. ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तू चुकून दोन कापडं एक समजला असशील. दोघांचंही मी ऐकून घेतलं. दोघांकडेही त्या तीन पट्ट्यांचं उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. ज्यांना सुचेल त्यांनी खुशाल कळवावं.

हिरवी पिशवी अम्मीने धुऊन दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. ती कशासाठीच वापरत नाही, टाकूनही देत नाही. रोज सकाळी कामाला निघताना, घरात कुणाचं लक्ष नाही असं बघून, मी पिशवीत हात घालतो. आजवर ती रिकामी निघाली आहे. रिकामी आहे हे हाताला कळलं की मी अम्मीला सलाम करतो आणि बंदरावर जातो.